परमुलखातील गुरुजी : जपानमधील परदेशी शिक्षकाचे दैनंदिन जीवन

(सायखेडा, ता. निफाड, जि. नाशिक येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोदेच्या काठी वसलेल्या आणि कांद्याच्या लिलावाने गजबजलेल्या सायखेड्यात जपानमधील शाळांचा विषय निघावा, याचे कोणास नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु शिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने जपानकडे दृष्टी लावली, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याकडे एका स्नेह्याने टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पाठविली होती. ती काही काळ तशीच पडून राहिली. १९१५ साली मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा भाषणाच्या तयारीत त्यांनी ती वाचावयास घेतली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या त्या विद्यापीठाच्या वृत्तान्ताने कर्व्यांच्या मनातील विचाराला आकार आला आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झाले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ होय. पुढे १९३० मध्ये, आपल्या दीर्घ परदेशप्रवासाच्या अखेरीस, कर्वे स्वतः टोकियोला जाऊन ते विद्यापीठ पाहून आले.

एका पुस्तिकेने एवढे कार्य घडविले. मात्र पुस्तिकेत शाळेची इमारत दिसते, अभ्यासक्रम दिसतो. शिक्षक सकाळी किती वाजता येतो, दुपारी कोणाच्या पंक्तीला बसतो, वर्ग कोण झाडतो, संकटाच्या वेळी मुलांना कोठे नेतो, हे त्यात दिसत नाही. ते पाहावयाचे तर त्या शाळेत नोकरीच करावी लागते. परदेशांतून जाऊन अशी नोकरी केलेल्या शिक्षकांच्या दिनक्रमाचा, आणि त्यांतून पुढे जाऊन तेथील शासकीय शाळेचा मुख्याध्यापक झालेल्या एका मराठी माणसाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

जपानमध्ये जाऊन शिकविणाऱ्या भारतीयांची परंपरा बरीच जुनी आहे. १९०९ मध्ये मौलवी बरकतुल्ला भोपाळी हे टोकियोच्या परदेशी भाषा विद्यालयात हिंदुस्थानी भाषेचे अध्यापक म्हणून रुजू झाले. अध्यापनाबरोबर ते ब्रिटिश सत्तेविरुद्ध लेखनही करीत. पुढे ब्रिटिशांच्या दडपणामुळे त्यांना ती जागा गमवावी लागली. परदेशी शिक्षक हा पाहुणा असतो आणि पाहुण्याची जागा यजमानाच्या सोयीवर अवलंबून असते, याचे हे जुने उदाहरण आहे. त्यानंतर पुष्कळ काळ परदेशी अध्यापक प्रामुख्याने विद्यापीठांतूनच दिसत. खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत ते मोठ्या संख्येने पोहोचले ते १९८७ पासून. त्या वर्षी जपान सरकारने इंग्रजीच्या अध्यापनास साह्य करण्यासाठी परदेशी तरुण पदवीधरांना बोलाविण्याची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. पुढे देशांची आणि माणसांची संख्या वाढत गेली. या तरुणांना ‘सहायक भाषाशिक्षक’ म्हणतात. नेमणूक एका वर्षाची असते. नूतनीकरण होत होत ती फार तर पाच वर्षे चालते. २०२० पासून जपानच्या प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीला त्याची तोंडओळख सुरू झाली. त्यामुळे या साहाय्यकांची निकड आणखी वाढली.

याखेरीज टोकियोत भारतीय शाळा आहेत. २००४ आणि २००६ मध्ये तेथे दोन शाळा सुरू झाल्या व त्यांत भारतातून गेलेले शिक्षक शिकवू लागले. संगणक क्षेत्रात नोकरीस गेलेल्या भारतीय कुटुंबांची मुले तेथे आहेतच; शिवाय इंग्रजी आणि गणित यांच्या ओढीने काही जपानी पालकही आपली मुले तेथे पाठवितात. तथापि जपानी शाळा आतून कशी चालते हे कळते ते जपानी शाळेतच. म्हणून तिकडेच वळू.

सकाळची घंटा

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. सायखेड्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, तेव्हा तेथे आठ वाजून शिक्षक शाळेत पोहोचलेला असतो. दारातच पादत्राणे काढून कप्प्यात ठेवावयाची आणि शाळेत वापरण्याचे निराळे जोडे घालावयाचे. हा नियम पहिलीच्या मुलाला आणि मुख्याध्यापकालाही सारखाच लागू असतो. नंतर शिक्षकदालन. आपल्याकडे शिक्षक मोकळ्या तासाला जेथे टेकतात तशी ही खोली नव्हे. हे एक मोठे कार्यालयच असते. शाळेतील प्रत्येक शिक्षकाचे टेबल तेथे असते, टेबलांची मांडणी इयत्तेनुसार केलेली असते आणि सर्वांच्या समोर उपमुख्याध्यापक बसलेले असतात. सकाळच्या छोट्या सभेत दिवसाची कामे सांगितली जातात. त्या सभेतील भाषा भरभर आणि अतिशय आदरार्थी असल्यामुळे नव्या परदेशी शिक्षकाला पहिले काही महिने त्यातले फारसे उमगत नाही. इतर उभे राहिले की उभे राहावयाचे आणि वाकले की वाकावयाचे, एवढेच तो शिकतो.

शिक्षकाला तेथे ‘सेन्सेई’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधी जन्मलेला’ असा आहे. आपल्या खेड्यांतून ‘गुरुजी’ या शब्दाला जो मान अजून आहे, तोच त्यालाही आहे. मात्र मान आणि अधिकार या गोष्टी वेगळ्या. सहायक भाषाशिक्षकाला मुले ‘सेन्सेई’ म्हणतात. परंतु वर्ग त्याचा नसतो, तो वर्गशिक्षकाचा असतो. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात उच्चार करून दाखवावयाचे, खेळ घ्यावयाचे, मुलांचे लाजणे मोडावयाचे, हे त्याचे काम. एकाच साहाय्यकाकडे पुष्कळदा तीन-चार शाळा असतात. सोमवार-मंगळवार एक शाळा, बुधवारी डोंगरापलीकडची दुसरी, असे त्याचे चालते. त्याचा नियोक्ता शाळा नसून नगराचे शिक्षण मंडळ असते. आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. तेथील सक्तीच्या शिक्षणाच्या शाळांतील नियमित शिक्षक प्रांताच्या वेतनावर असतात, ठराविक वर्षांनी त्यांच्या बदल्या होतात, आणि मार्च अखेरीस बदल्यांच्या याद्या निघाल्या की तेथेही शिक्षकांच्या घरांत खाली-वर होते. एप्रिलच्या आरंभी, चेरीच्या बहरात, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते.

पंगत आणि झाडू

परदेशी शिक्षकाला जपानी शाळेने जे सर्वांत मोठे शिक्षण द्यावयाचे ते दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान देते. जपानमध्ये शालेय भोजनाचा आरंभ १८८९ साली उत्तरेकडील त्सुरुओका गावी एका बौद्ध मठातील शाळेत गरीब मुलांसाठी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत त्याचे महत्त्व सर्वांना पटले आणि १९५४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. भोजनाची वेळ झाली की पांढरे अंगरखे, टोप्या आणि तोंडावर पट्टी बांधलेली पाळीची मुले भांडी वर्गात आणतात आणि वाढप करतात. कोणाला कमी, कोणाला जास्त असे होऊ नये यासाठी दहा वर्षांचा मुलगा डावातील रस्सा पुन्हा पुन्हा मोजून पाहतो. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. मग हात जोडून एकसुराने कृतज्ञतेचा शब्द उच्चारला जातो आणि जेवण सुरू होते. शिक्षक त्याच वर्गात, त्याच अन्नातले, मुलांच्या बाकाला बाक लावून जेवतो. मुलांना वाढण्यापूर्वी ते अन्न मुख्याध्यापकांनी चाखून पाहिलेले असते. २००५ मध्ये आहारशिक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षापासून ‘आहारशिक्षक’ असे पदही निर्माण करण्यात आले. म्हणजे भोजनाची वेळ ही सुटी नसून तो एक तासच आहे, असे त्या देशाने कायद्याने ठरविले.

महाराष्ट्रात १९९५ पासून शालेय पोषण आहार योजना चालू झाली. आज ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. अन्न मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी मोठ्यांनी चाखावे, हा नियम आपल्याकडेही आहे. फरक दिसतो तो पंक्तीत. आपला शिक्षक मुलांच्या जेवणावर देखरेख करतो. जपानी शिक्षक मुलांबरोबर जेवतो. ताटातील भाजी नकोशी झालेल्या मुलाला उपदेश करण्यापूर्वी तीच भाजी शिक्षकाला स्वतः संपवावी लागते.

भारतीय शिक्षकाची येथे खरी पंचाईत होते. जपानी स्वयंपाकात माशाच्या सुकविलेल्या तुकड्यांपासून काढलेला अर्क जवळपास सर्वत्र असतो. वरून शुद्ध शाकाहारी दिसणाऱ्या भाजीत किंवा सारात तो असतोच. शाकाहारी शिक्षकाने घरून डबा आणावयाचा म्हटले तर प्रथम परवानगी, मग खुलासा, आणि मग ‘आमच्यासारखे का जेवत नाही’ या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर, असा क्रम असतो. काही जण यातून मार्ग काढून मुलांना भारतीय आहारावर एक पाठच देतात. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशिकासाई भागात भारतीय वस्ती वाढल्यामुळे तूरडाळ, पोहे, मसाले तेथे मिळतात. दूरच्या प्रांतातील शिक्षकाला मात्र ते पार्सलाने मागवावे लागतात.

भोजनानंतर झाडलोट. पंधरा-वीस मिनिटे सारी शाळा हातात झाडू व फडकी घेते. वर्ग, जिने, व्हरांडे आणि बहुतेक शाळांत स्वच्छतागृहेसुद्धा मुलेच साफ करतात. शिक्षकही बाह्या सरसावून त्यात असतो. वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांची एक तुकडी करून मोठ्यांनी लहानांना फडके पिळावयास शिकवावे, अशीही पद्धत अनेक ठिकाणी आहे.

ही गोष्ट ऐकून आपल्याकडे लगेच ‘आपणही असेच करावे’ असे म्हटले जाते. ते म्हणण्याआधी थोडे थांबणे इष्ट. आपल्या समाजात झाडू ही नुसती वस्तू नव्हती. ती कोणाच्या हाती द्यावयाची हे जातीने ठरविले होते. म्हणून शाळेत मुलांना झाडावयास लावताना कोणत्या मुलांना लावले, हा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. जपानमध्येही काही समाजगटांना पिढ्यान् पिढ्या हीन लेखले गेले आहे, तो देश त्या दोषापासून मुक्त नाही. परंतु तेथील शाळेची पाळी नावाच्या क्रमाने फिरते, तीत डॉक्टरचा मुलगा येतो, मजुराची मुलगी येते आणि स्वतः शिक्षकही येतो. संत गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी स्वतः झाडू हाती घेतला, नंतर कीर्तन केले. हा क्रम ज्या महाराष्ट्राने पाहिला, त्याला यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी.

बिऱ्हाड

शाळेबाहेरचे आयुष्य कागदपत्रांपासून सुरू होते. परदेशी व्यक्तीजवळ निवासपत्र असावे लागते आणि नवा पत्ता चौदा दिवसांच्या आत नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. घर भाड्याने घेताना अनामत रक्कम द्यावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी घरमालकाला ‘आभारादाखल’ म्हणून एक रक्कम द्यावी लागते, ती परत मिळत नाही. हमीदार लागतो तो वेगळाच. परदेशी माणसाला घर देण्यास नकार देणारे मालक आजही आढळतात. शिक्षण मंडळाने शिक्षकासाठी बिऱ्हाड पाहून दिले असेल तर हा त्रास वाचतो.

घर मिळाल्यावर पहिली परीक्षा कचऱ्याची. जळणारा कचरा अमुक वारी, न जळणारा तमुक वारी, बाटल्या, डबे, जुनी वर्तमानपत्रे यांचे दिवस निराळे. ठरलेल्या सकाळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पिशवीत तो ठेवावयाचा. चुकीचा कचरा तेथेच मागे राहतो आणि तो कोणाचा हे आळीत सर्वांना कळते. परदेशी शिक्षकाला जपानी शेजारी प्रथम कचऱ्यावरून ओळखू लागतात, असे म्हटले तरी चालेल. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या व्यवस्थेचा मोठा भार शेजाऱ्यांचे मंडळ उचलते. कचरा गोळा करण्याच्या जागेची स्वच्छता राखण्याची पाळी घरोघर फिरते आणि त्या पाळीत परदेशी बिऱ्हाडाचे नाव लागले म्हणजे तो माणूस आळीचा झाला.

एकटेपणा मात्र राहतो. गणेशोत्सवात आणि दिवाळीत टोकियोतील मराठी मंडळी एकत्र येतात; प्रांतातील शिक्षकाला एवढ्यासाठी कित्येक तासांचा आगगाडीचा प्रवास करावा लागतो.

घड्याळाच्या काट्यापलीकडे

जपानी शाळेचे गुणगान करणाऱ्या पुष्कळ लेखांतून एक गोष्ट निसटते. या साऱ्याची किंमत शिक्षक आपल्या वेळाने मोजतो. संध्याकाळी साहाय्यक शिक्षकाची वेळ संपते. तो उठताना ‘तुमच्या आधी निघतो, क्षमा असावी’ अशा अर्थाचे वाक्य म्हणतो, कारण दालनातील बाकीचे सर्व अजून बसलेले असतात. वर्ग सुटल्यावर क्रीडा आणि कला मंडळे चालतात. शिक्षकाला शनिवार-रविवारीही तेथे हजर राहावे लागत आले आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत जपानच्या माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांतील शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा आढळला. सहभागी देशांची सरासरी सुमारे ३८ तास होती. आणि या जादा वेळाचे वेतन? १९७१ च्या एका कायद्याने शिक्षकांना जादा कामाच्या भत्त्याऐवजी मूळ वेतनाच्या चार टक्के एवढी ठोक रक्कम देण्याचे ठरले आणि ते प्रमाण अर्ध्या शतकाहून अधिक काळ बदलले नाही. जून २०२५ मध्ये कायदा दुरुस्त होऊन ही रक्कम टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. दरम्यान तरुणांचा या पेशाकडील ओढा आटला. एप्रिल २०२१ मध्ये, शाळा उघडल्या त्या वेळी, शासनाच्याच पाहणीत सार्वजनिक शाळांतून अडीच हजारांहून अधिक शिक्षकांच्या जागा भरता आलेल्या नव्हत्या.

शिक्षकाने पंक्तीला बसावे, झाडावे, मैदानावर राहावे, पालकांच्या घरी जावे हे सर्व चांगले आहे; पण त्यासाठी माणसे पुरेशी हवीत. निवडणूक, गणना आणि सर्वेक्षण यांची कामे सांभाळून शिकविणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे निराळे समजावून द्यावयास नको.

अंबरनाथचे मुख्याध्यापक

परदेशी शिक्षकाला पाहुणेपण सोडून घरचा होता येते काय? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी माणसाच्या चरित्रात सापडते. योगेंद्र पुराणिक यांचा जन्म १९७७ साली अंबरनाथ येथे झाला. पुण्यात त्यांचे शिक्षण झाले, तेथेच ते जपानी भाषा शिकले. जपानी भाषेच्या अध्यापनाचे पुणे हे आपल्या देशातील एक प्रमुख केंद्र आहे. विद्यार्थी म्हणून जपानला जाऊन आल्यावर २००१ मध्ये ते संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी तेथे गेले, पुढे बँकांतून काम केले आणि एदोगावा विभागात स्थायिक झाले. २०१२ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व स्वीकारले. २०१९ च्या एप्रिलमध्ये एदोगावा विभागाच्या सभेवर ते सहा हजारांहून अधिक मते मिळवून निवडून आले. जपानमध्ये लोकांनी निवडून दिलेले ते भारतीय वंशाचे पहिले प्रतिनिधी ठरले.

नंतर त्यांनी शाळेची वाट धरली. टोकियोच्या ईशान्येस असलेल्या इबाराकी प्रांताने आपल्या शाळांसाठी शिक्षणसेवेबाहेरून मुख्याध्यापक निवडण्याकरिता खुले अर्ज मागविले होते. हजाराहून अधिक अर्जदारांतून मोजक्यांची निवड झाली, त्यांत पुराणिक होते. २०२२ मध्ये ते त्सुचिउरा येथील पहिल्या प्रांतिक उच्च माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापक म्हणून रुजू झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. ही शाळा १८९७ ची. तिची १९०४ मधील लाकडी इमारत राष्ट्रीय वारसा म्हणून जपली गेली आहे. त्सुचिउरा हे गाव कासुमिगाउरा सरोवराच्या काठी असून कमळकंदाच्या पिकासाठी त्या देशात प्रसिद्ध आहे. निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराला तेथील चिखलात उतरून कंद काढणारा शेतकरी पाहावयास आवडेल.

या यशोगाथेत एक कायद्याची बाब आहे, तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. परदेशी नागरिकांना सरकारी विद्यापीठांत प्राध्यापक होण्याची मुभा जपानने १९८२ मध्ये दिली. शाळांच्या बाबतीत १९९१ मध्ये, तेथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोरियन वंशाच्या लोकांच्या मागणीनंतर, परदेशी नागरिकाला सार्वजनिक शाळेत कायम नेमता येईल असे ठरले. परंतु त्याचे पद ‘शिक्षक’ न राहता ‘पूर्णवेळ व्याख्याता’ असे राहील, अशी अट पडली. काम तेच, वर्ग तोच. पण मुख्याध्यापकपदाकडे जाणारी वाट बंद. शाळेचा कारभार चालविणे हा शासनाधिकाराचा भाग आहे आणि तो नागरिकाकडेच असावा, अशी त्यामागील भूमिका. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसण्याचा मार्ग त्यामुळे नागरिकत्वावरून जातो. आणि भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासून मिळू लागलेले परदेशस्थ भारतीय नागरिकपत्र येण्याजाण्याची सोय करते, मतदानाचा हक्क देत नाही. इकडचे पारपत्र परत करून तिकडचे घेणे हा कोणाही कुटुंबाला सोपा निर्णय नसतो. पुराणिक यांच्या निवडीच्या बातम्या इकडे मोठ्या अभिमानाने छापल्या गेल्या. त्या निवडीपूर्वी दहा वर्षे त्यांनी काय सोडले होते, याचा उल्लेख त्यांतील थोड्याच बातम्यांत होता.

पाणी चढते तेव्हा

आता सायखेड्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे यावयाचे. गोदावरी येथपर्यंत येताना एकटी येत नाही. गंगापूर धरणाचे पाणी तिच्यात असते, वरच्या बाजूस दारणा मिळालेली असते आणि खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. पुलाला पाणवेली अडकल्या की पाणी आणखी तुंबते. १९६९ चा पूर जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तर सर्वांनी पाहिलेले आहेत. २०१६ व २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सायखेडा आणि पलीकडचे चांदोरी यांच्या बाजारपेठांत पाणी शिरले. अशा वेळी गावाने आश्रयाला जावयाचे ते बहुधा शाळेतच.

जपानमध्येही सार्वजनिक शाळा हेच आश्रयस्थान असते. तेथे परदेशी शिक्षकाला रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच भूकंपाच्या सरावात भाग घ्यावा लागतो. घंटा होताच मुले बाकाखाली जातात, नंतर रांगेने मैदानावर येतात, वर्गशिक्षक शिरगणती करून मुख्याध्यापकांना आकडा सांगतो, आणि किती मिनिटे लागली ते सर्वांसमोर जाहीर होते. असे वर्षातून अनेकदा होते. १९२३ च्या महाभूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबर हा दिवस १९६० पासून आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो.

सरावाचा अर्थ काय, ते ११ मार्च २०११ रोजी दिसले. कामाइशी शहरात प्राध्यापक तोशिताका काताडा यांनी कित्येक वर्षे शाळांतून एकच शिकवण दिली होती : नकाशावर विसंबू नका, त्या क्षणी जे शक्य असेल ते सर्व करा, आणि इतरांची वाट न पाहता आधी धावा. भूकंप थांबताच तेथील माध्यमिक शाळेची मुले धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर ती जागा पुरेशी उंच नाही असे दिसताच ती आणखी वर गेली. पाठीमागे दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या.

त्याच दिवशी इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेत याच्या उलट घडले. ही शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी होती. इतक्या आत लाट येईल असे कोणास वाटले नाही. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे मुले मैदानावर बसून राहिली. कोठे जावयाचे याचा निर्णय होईना. शाळेमागे टेकडी होती. लाट नदीच्या पात्रातून वर चढून आली. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दोष केवळ त्या पन्नास मिनिटांचा नव्हे. संकटापूर्वीच, शाळेची आपत्ती योजना तयार करताना, कोठे जावयाचे हे ठरविण्यात शाळा आणि शिक्षण मंडळ चुकले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

या निर्णयातील एक वाक्य सोडले तरी चालेल, पण त्याचा आशय पंचायत सदस्यांनी ध्यानी ठेवावा असा आहे. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, शाळांच्या सुरक्षिततेविषयीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१६ ची आहेत, आणि शाळा व्यवस्थापन समितीही आहे. समितीच्या जून महिन्याच्या सभेत पाठ्यपुस्तके व गणवेश यांच्याबरोबर तीन साधे प्रश्न विचारता येतात. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप शाळेला कोण देणार? पुलापलीकडून येणारी मुले किती, आणि पूल बंद झाला तर ती कोणाच्या घरी राहणार? गाव शाळेत आश्रयाला आले तर चाव्या कोणाकडे? उत्तरे कागदावर असतील, तर ती नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला वाचून दाखविली आहेत काय, हा चौथा.

कारण अशा वेळी परका शिक्षक परका राहत नाही. त्या ११ मार्चला इशिनोमाकीत टेलर अँडरसन नावाची चोवीस वर्षांची अमेरिकन साहाय्यक शिक्षिका कामावर होती. २००८ पासून ती तेथील शाळांत शिकवीत असे. भूकंपानंतर मुले पालकांच्या हाती सुखरूप सोपवीपर्यंत ती शाळेत थांबली आणि मग सायकलीवरून घरी निघाली. वाटेत तिला लाटेने गाठले. रिकुझेनताकाता येथे मॉन्टी डिक्सन हा ॲलास्काहून आलेला दुसरा साहाय्यक शिक्षक त्याच दिवशी गेला. टेलरच्या आईवडिलांनी मुलीच्या नावाने निधी उभारून इशिनोमाकीच्या शाळांना इंग्रजी पुस्तके देण्यास आरंभ केला. पहिली पुस्तके सप्टेंबर २०११ मध्ये, ती ज्या शाळेत शेवटची शिकवीत होती तेथे, नव्या कपाटांत लावण्यात आली. ती कपाटे त्याच भागातील एका सुताराने बनविली. त्याची तिन्ही मुले त्या लाटेत गेली होती, आणि त्यांतल्या काहींना टेलरने इंग्रजी शिकविले होते.